दसऱ्याला पूजलेला पियानो

माझी शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. आई घोडपदेवहून माटुंग्याला एका ख्रिस्ती बाईंकडे स्वयंपाकाला जायची. बाई पियानो शिकवायच्या, सगळे त्यांना टीचर म्हणायचे. आईचं काम आटपेपर्यंत मी बाहेरच्या खोलीत बसायचे. एक दिवस त्यांनी मला स्टुलावर बसवलं, आणि पुढे शाळेच्या वेळेतही मी तिथेच सापडायला लागले. आज जर्मनीतल्या एका लहान गावात राहते, मुलांना शिकवते, गाणाऱ्यांना साथ करते, अधूनमधून एकटीचे कार्यक्रम होतात. हे सगळं टीचरमुळे. टीचरबद्दल लिहायचं म्हटलं की हात अडतो. वाटतं, कमीच पडेल.

त्यांनी मला स्टेजवर कधी ऐकलंच नव्हतं. माझे कार्यक्रम तिकडे, त्या इकडे. म्हणून मुंबईत कार्यक्रम ठरला तेव्हा पहिला फोन त्यांना केला. आता त्यांना जिना उतरवायला दोन माणसं लागतात.

"येते," म्हणाल्या. "पण शेवटी ते हळूवालं वाजव, मी शिकवलेलं. बाकी काय वाजवायचं ते तू बघ. मी त्याच्यासाठी येणार."

परत कधी त्या घराबाहेर पडतील असं वाटत नव्हतं. त्यांनाही नसावं.

कार्यक्रम दसऱ्याच्या संध्याकाळी होता. दुपारी हॉलवर सराव केला, पियानो छान बोलत होता. पियानो लावणारा माणूस काम उरकून गेला. बाबा लवकर येऊन पुढच्या रांगेत बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. मी आत साडीला इस्त्री करायला गेले.

परत आले तर पियानोवर झेंडूचा हार. लाकडावर हळद-कुंकवाची बोटं, बाजूला आपट्याची पानं. बाबा हात जोडून उभे. आणि पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर अक्षता. कुंकू लावलेले तांदूळ, मूठभर तरी.

"बाबा, हे काय?"

"आज दसरो मां. मशीनीक तसाच ठेवूचा नाय, बाय."

तरुणपणी ते गिरणीत मागावर होते. दसऱ्याला मागाला हार घातल्याशिवाय कुणी हात लावत नसे, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांचा चेहरा इतका खूश होता की मला बोलवेना. मी हसले आणि हळूच पट्ट्या दाबून बघितल्या. मधली एक पांढरी पट्टी खाली गेली, ती वर यायला तयार नाही. आली, पण रेंगाळत. दाणा फटीत गेला होता.

त्या हळूवाल्या तुकड्यात त्याच पट्टीचा सूर सारखा येतो.

पियानोवाल्याला फोन लावला. तो दादरला फुलमार्केटच्या गर्दीत अडकलेला. "दीदी, गाडी हलतच नाय. पट्टी खेचू नका हां, तुटेल." तेवढ्यात हॉलचे मॅनेजर आले.

"मॅडम, ये किसने किया?"

बाबा पिशवीची घडी घालत होते. मी म्हटलं, "मीच केलं. आमच्यात करतात."

"आमच्यातही करतात, मॅडम. पण आम्ही तांदूळ आत टाकत नाही."

त्यांनी व्हॅक्युम क्लीनर आणवला. बरेच दाणे निघाले. तो एक निघाला नाही. बाहेर माणसं यायला लागली होती. मॅनेजर म्हणाले, "शेवटचं गाळा ना. कोण विचारतंय?"

विचारणारी व्हीलचेअरवर बसून आत येत होती. केसांना तेल, अंगात निळा फ्रॉक, मांडीवर पर्स. मला बघून त्यांनी फक्त मान हलवली.

पहिले तुकडे वेगाचे होते. तो सूर आला की करंगळीच्या नखाने पट्टी वर ओढत होते. दोनदा चुकले. घामाने बोटं निसटत होती. शेवटी ते हळूवालं आलं. गाळायचं की वाजवायचं, हे मी हात पट्ट्यांवर ठेवेपर्यंत ठरवलं नव्हतं. मग एकच सुचलं: आणखी हळू वाजवायचं. पट्टीला वर यायला वेळ द्यायचा. प्रत्येक वेळी तो सूर दाबला की मी थांबायचे, ती वर येतेय का बघायचे, मग पुढे. पाठीत कळ आली. एकदा ती आलीच नाही. तिथे सुराची जागा रिकामी गेली. पण तुकडा पुरा झाला.

टाळ्या थांबल्यावर मी खाली टीचरपाशी गेले. त्यांनी माझा हात धरला, दाबून बघितला.

"इतकं हळू? मी म्हातारी झाले गं, बहिरी नाही झाले. आणि एक सूर खाल्लास."

"घाबरले होते, टीचर."

"ते दिसलं. उद्या सकाळी घरी ये. नीट वाजवून दाखव."

माझं विमान त्याच रात्रीचं होतं. तरी मी हो म्हटलं. डोळे भरून आले होते. त्यांनी पर्समधून रुमाल काढून दिला आणि दुसरीकडे बघत बसल्या.

बाबा मागे उभे होते, पियानोवरचा हार परत पिशवीत घेऊन. "मी पण येतंय उद्या," म्हणाले. "टीचरबाईंच्या पियानोक कोणी हार घातलो नसतलो."

"बाबा," मी म्हटलं, "दसरा आज. उद्या नाही."