मार खाण्याचा मान

प्रत्येक घराचा गावात काही ना काही मान असतो. कुणाचा पालखीला पहिला खांदा, कुणाचा पहिला नैवेद्य. आमच्या घराचा मान मार खाण्याचा. लग्न होऊन ओतूरला आले आणि सासरी हे सांगितलं, तेव्हा नणंदा पदर तोंडाला लावून हसल्या. "वयनी, आसला कसला वो मान?" मीही त्यांच्याबरोबर हसले. राग मात्र आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

माझं माहेर वर डोंगरात, भात-नाचणीचं गाव. चैत्रातल्या जत्रेला तिथे सोंगं निघतात आणि माणसं आपल्याच गावाची गोष्ट करून दाखवतात. फार पूर्वी लुटारूंची टोळी आली, तेव्हा आमच्या मूळपुरुषाने देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला तो दगड, देवळातून उचलला आणि भातखाचराच्या चिखलात पुरला. टोळीच्या म्होरक्याने त्याला झाडाला बांधून झोडपलं. अर्धमेला झाला, पण देवी कुठे आहे ते बोलला नाही. टोळी कंटाळून निघून गेली, मग त्याने देवी उकरून काढली. एवढीच गोष्ट. तिच्यात घोडे नाहीत, तलवारी नाहीत, आणि शाळेच्या पुस्तकात तिची एक ओळसुद्धा नाही.

हे सोंग पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराचं. आबांनी, माझ्या वडिलांनी, ते त्यांच्या वडिलांकडून घेतलं. म्होरक्याचं सोंग खालच्या आळीतल्या एका घराचं. त्या घरच्या माणसाने भाताच्या पेंढ्याचा पिळलेला दोर घेऊन आबांना मारायचं, आणि ते मारणं खोटं नसायचं. "देव कुठाय?" म्हणत तो दोर उगारी आणि आबा जमिनीकडे बघत उभे राहत. लहानपणी मी आईच्या कुशीत तोंड खुपसून रडायची. पुढे माझ्या ध्यानात आलं की मारणाऱ्याचेही डोळे भरलेले असतात. सोंग उतरलं की त्याचीच बायको हळद-तेल घेऊन आमच्या घरी यायची आणि आबांच्या पाठीचे वळ चोळायची. गावातले म्हातारेकोतारे आबांच्या पाया पडायचे. कोरभर जमिनीचा धनी माझा बाप, त्या एका दिवशी गावात सगळ्यांत मोठा असायचा.

मारणारा तो माणूस वारला. त्याच्या मुलाने मंचरला मोबाइलचं दुकान टाकलंय आणि आता जत्रा कमिटी त्याच्या हातात आहे. दोन वर्षांपूर्वी जत्रेच्या तोंडावर तो आबांकडे आला, तेव्हा मी माहेरीच होते. पोरगा वागायला वाईट नाही, आधी आबांच्या पाया पडला. मग म्हणाला, "आबा, यंदा जरा बदल करू. मार खानारा मानूस बघाया कोन येतंय आता? पोरास्नी लढनारा पायजे. रील बी झ्याक व्हईल."

"आरं, पन त्यो लढला न्हाई," आबा म्हणाले.

"तुमी व्हता का तवा तिथं?" तो हसून म्हणाला. "मी बी नव्हतो, तुमी बी नव्हता."

मला राहवलं नाही. मी तोंड सोडलं. तुझा बाप वर्षानुवर्षं डोळ्यांत पाणी आणून दोर मारायचा, तो काय वेडा होता का, असं विचारलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमी आता पावन्या. गावच्या कामात पडू नगा." लेकीला माहेरात एवढीच किंमत. आबांनी मलाच गप्प बसवलं.

जत्रेच्या दिवशी पुण्याहून भाड्याचे पोशाख आले, धूर सोडायचं मशीन आलं, माणसापेक्षा उंच स्पीकर आले. मूळपुरुष झाला होता चाकणच्या कंपनीत कामाला असलेला, जिममध्ये कमावलेला एक गडी. आबांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली, शाल-नारळ दिला. माइकवरून एकाने गर्जना केली, की आपल्या मूळपुरुषाने एकट्याने अख्खी टोळी कापून काढली. धुरातून तो गडी तलवार फिरवत आला, टोळीतली माणसं पटापट पडली, शिट्ट्या झाल्या. देवीचा तांदळा कुणी उचललाच नाही, उचलायची गरजच राहिली नव्हती. आबांनीही टाळ्या वाजवल्या. बिचारे भिडेखातर वाजवताहेत, असं मला वाटलं.

घरी आल्यावर ते ओट्यावर बसले. मी पाणी दिलं, तर तांब्या हातात तसाच धरून म्हणाले, "बाय, आपला मानूस लढला व्हता व्हय?"

"नाही हो आबा. ते आपलं लोकांना आवडावं म्हणून."

"माइकवर सांगितलं की त्यांनी. शिकल्याली पोरं हायेत, कुटंतरी वाचूनच बोलत आसतील. माज्या बापानं मला चुकीचं शिकिवलं म्हनायचं. लढनाऱ्या मानसाला मी जलमभर बांधून मार खायाला लावला."

मी खूप सांगितलं. तुमचंच खरं आहे म्हटलं, शपथ घेतली, शेवटी चिडून रडलेसुद्धा. मी बोलायला लागले की गल्ली ऐकते म्हणतात, पण त्या दिवशी माझा एक शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नाही. "तू माजी लेक," ते म्हणाले, "तू आसंच म्हननार."

सकाळी उठून बघते तर आबा घरात नाहीत. मी देवळाकडे गेले. बाहेर कमिटीची पोरं स्पीकर टेम्पोत चढवत होती. आत आबा देवीपुढे नाक घासत होते, आणि मूळपुरुषाची इतकी वर्षं बदनामी केली म्हणून माफी मागत होते.