वामेची कपार

वाढवणच्या किनाऱ्यावरच्या खडकांत कुठल्या कपारीत काय मिळतं, हे सासू सुनेला दाखवते. लेकीला नाही, लेक ते सासरी घेऊन जाईल. भिकीबाईने थोरल्या सुनेला, देवकीला, आपल्या कपारी दाखवायला बरीच वर्षं लावली. तोवर देवकीने नुसत्या टोपल्या वाहिल्या. धाकटी सून कल्पिता चिखल्याहून आली २०१६ साली. दिवाळीच्या आतच भिकीबाई देवकीला म्हणाली, हिलाही सगळं दाखव, माझे गुडघे आता खडकात चालत नाहीत.

देवकीने दाखवलं. एक कपार सोडून.

तिथे मोठी वाम, सापासारखी मासळी, राहायची. मांडीएवढी जाड, अंगावर खवला नाही, नुसते ठिपके. दिवसा डोकं तेवढं बाहेर काढून तोंड उघडमीट करत बसायची. नवख्याला वाटतं अंगावर येतेय; पण तो तिचा श्वास. रात्री शिकारीला जाते आणि पुन्हा त्याच कपारीत येते. दिसतं कमी, सगळं वासावर. देवकी तिला मारत नसे. शेवंडी, म्हणजे चांगला भाव येणारे मोठे झिंगे, ऑक्टोपस खातो; पण वामेच्या धाकाने तो तिकडे फिरकत नाही, म्हणून शेवंडी तिच्याच आडोशाला दडतात. काठीने वाम आत सारायची आणि शेवंड उचलायची, एवढंच काम.

कल्पिताने त्या कपारीबद्दल विचारलं तेव्हा देवकी म्हणाली, "रिकामी आहे ती."

पुढच्या अवसेच्या ओहोटीला कल्पिताला त्याच कपारीतून शेवंडीच्या मिशा दिसल्या. सकाळभर बोंबील निवडलेला हात तिने तसाच आत घातला.

वामेचे दात आत वळलेले असतात, आणि घशात दुसरा जबडा असतो, तो पुढे येऊन घास ओढतो. हिसका दिला तर मांस जातं. देवकी धावली, कल्पिताचं मनगट पाण्याखाली दाबून धरलं, ओढू नको म्हणाली. वामेने सोडलं तोवर डबक्यातलं पाणी लाल झालं होतं. डहाणूला टाके पडले. हात वाचला, पण दोन बोटं वळेनात.

ताईंनी माझा हात वाचवला, असं कल्पिता आळीभर सांगू लागली. भिकीबाईने देवकीवरून मीठमिरची ओवाळली. देवकी जावेची मासळी कापायची, तिच्या भाकऱ्या थापायची. "किती करता हो माझ्यासाठी," असं कल्पिता म्हणाली की देवकीला ताटावर बसवत नसे.

एका दुपारी बोंबील वाळत टाकताना देवकी म्हणालीच, "ती कपार रिकामी नव्हती. मला ठाऊक होतं."

कल्पिताने हातातला बोंबील दांडीवर नीट अडकवला. "शेवंडीसाठी?"

"हो."

"मागितल्या असत्या तर मी त्या तुम्हालाच दिल्या असत्या, ताई."

कल्पिताने घरात कुणाला हे सांगितलं नाही. पुढच्या ओहोटीला मात्र म्हणाली, सगळ्या कपारी पहिल्यापासून दाखवा. पहिल्या कपारीपाशी देवकी म्हणाली, ही रिकामी. कल्पिता हाताची घडी घालून उभी राहिली. देवकीने काठी खाली ठेवली आणि स्वतःचा हात खांद्यापर्यंत आत घातला. दुसऱ्या कपारीतही घातला, तिसरीतही. कल्पिताने एकदाही पुरे म्हटलं नाही, आणि देवकीने तिच्याकडे वळून पाहिलं नाही.