खुर्ची एक, गुडघे चार

धुलाईघरात आम्ही तिला चिमणी म्हणायचो. अंगाने चांगली आडवी, पण आवाज एवढासा, म्हणून चिमणी. अठरा वर्षं ती माझ्या शेजारी उभी राहिली. दवाखान्याच्या ओल्या चादरी यंत्रातून काढायच्या, झटकायच्या, वाळल्या की घड्या घालायच्या. बाई चांगली होती का? होती ना. म्हणून तर मला तिचा जास्त राग यायचा.

आमची शिवणकामवाली बाई निवृत्त होणार असं कळलं आणि दोघींचेही कान टवकारले. सबंध धुलाईघरात बसून करायचं काम तेवढं एकच. खिडकीपाशी तिची खुर्ची, समोर फाटके अभ्रे आणि नाड्या तुटलेले पेशंटचे झगे. बाकी आम्ही सगळ्या सकाळपासून फरशीवर ताटकळत उभ्या. मुकादम म्हणाले, "जिचे गुडघे जास्त खराब, तिला खुर्ची. महिन्याभराने डॉक्टर तपासतील, ते म्हणतील तसं."

झालं! दुसरीच्या दुखण्यावर कुणी जळतं का हो? मी जळले. चिमणीने आपला एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "अरेरे, हाडाला हाड घासतंय की!" असं मुकादम म्हणाले मात्र, माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. माझा एक्स-रे बघून हेच गृहस्थ म्हणाले होते, "वयाच्या मानाने बरे आहेत." बरे म्हणे! जिना उतरताना मी कठड्याला लोंबकळते, ते बघायला आला होतात का? पण नाही. हिचं लंगडणंसुद्धा माझ्यापेक्षा सरस.

खरं सांगते, माझे गुडघे मीच राखले होते. भावजयीने आणून दिलेल्या माशाच्या तेलाच्या गोळ्या, लसूण घालून कढवलेलं तेल, गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेक. शिवाय सकाळ-संध्याकाळ स्टुलावर बसायचं, पाय सरळ उचलून धरायचा आणि दहा आकडे मोजायचे. यातलं नेमकं काय लागू पडत होतं देव जाणे, पण पडत होतं. मी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. चिमणी बिचारी नुसता पट्टा बांधून हाय हुय करायची.

एका सकाळी गोळी तोंडात टाकता टाकता मी थांबले. म्हटलं, अगं वेडे, तू स्वतःलाच बरी करत बसलीयेस? बरी करायची तर तिला कर!

त्या दिवसापासून माझं सगळं बंद. गोळ्यांची डबी आणि तेलाची बाटली उचलली ती चिमणीपुढे नेऊन ठेवली. "घे गं, तुझे हाल बघवत नाहीत." इतकं गोड मी सख्ख्या बहिणीशीही कधी बोलले नसेन. जेवणाच्या सुट्टीत तिला चादरींच्या गठ्ठ्यावर बसवायची, गुडघ्यांना तेल चोळायची आणि पाय उचलायला लावायची.

"झाले दहा," ती म्हणायची.

"सातच झालेत. चोरी नको!"

तिचे डोळे भरून यायचे. "माझं असं कुणी कधी केलं नाही गं." मी मनात म्हणायची, तू आधी बरी हो, मग रड.

तिसऱ्या आठवड्यात तिचा पट्टा सुटला. माझे गुडघे पावासारखे टम्म फुगले. रात्री कूस वळताना जीव जायचा, आणि तरी मला आनंद! तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तिचा पाय वाकवून बघितला, मग माझा बघितला. "तुम्ही काय केलंत?" त्यांनी तिला विचारलं.

"हिने केलं," चिमणी म्हणाली. "आपली औषधं मला दिली, आपले गुडघे सुजवून घेतले. खुर्ची हिलाच द्या."

मुकादमांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, तर लोकांना वाटलं, काय ही नम्र!

खुर्ची मिळाली. गोळ्या, तेल, शेक, सगळं पुन्हा सुरू केलं, पण आता काही लागू पडेना. दिवसभर बसून पाय असे आखडतात की उठताना टेबल धरावं लागतं. आणि समोरून ही बया ढकलगाडी घेऊन जाते नि येते, जाते नि येते. सुई बोटात घुसते माझ्या, लक्षच नसतं. सुट्टीत हीच येऊन माझे गुडघे चोळते, तेही माझ्याच पद्धतीने. परवा मला असह्य झालं.

"तुझं भलं व्हावं म्हणून नव्हतं केलं मी," मी म्हणाले. "तू बरी झालीस की खुर्ची मला मिळेल, म्हणून केलं."

तिचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"आणि तरी घेतलंस?"

"गुडघे दुखत होते ना माझे."

"मग खुर्ची का सोडलीस?"

"तुला बसायचं होतं. मला चालायचं होतं," ती म्हणाली आणि उठली. कशालाही हात न लावता उठली, मेली!