उर्दूत ळ नाही

आमचं गाव मुदखेडच्या बाजूला, गोदावरीकाठी. गोदावरी पुस्तकात, गावात ती गंगा. निजामाच्या शेवटच्या वर्षांत एका भाद्रपदात गंगा गावात आली, चार दिवस राहिली आणि जाताना उभी ज्वारी घेऊन गेली. यावर फार कोणी बोललं नाही. पाणी ओसरलं की पात्रात काळाभोर गाळ उरायचा. त्या ओल्या गाळात हरभरा फेकला की नांगर न लावता यायचा. याला म्हणत गाळपेर. पूर येणारच, असं धरूनच गाव जगत होतं.

माझ्या विधवा काकीला मात्र त्या वर्षी गाळपेरीशिवाय काही उरलं नव्हतं. तिचं काठावरचं शेतच गंगेनं कापून नेलं होतं. पात्र सरकारी, म्हणून पेरायला तहसीलची इजाजत लागे. न विचारता पेरलं तर उपटून टाकत. गाळ ओला राहतो फार तर पंधरा दिवस. अर्ज उर्दूत हवा, आणि गावात उर्दू मिडल पास झालेला मी एकटा. मला विसावं लागलं होतं आणि स्वतःच्या उर्दूबद्दल माझं मत फार चांगलं होतं.

‘बेवा चाची’, ‘सैलाब’, ‘नुकसान’ असे वजनदार शब्द घालून मी अर्ज ठोकून दिला. उर्दूत ळ नाही, म्हणून ल लिहिला. घाईत ‘पेर’मधलं ये हे अक्षर लिहायचं राहिलं. गाळपेरचं झालं ‘गाल पर’.

दहाव्या दिवशी इजाजतीऐवजी पोलीस जवान आला. विधवेच्या गालावर कोणीतरी मारलं, असं समजून कारकुनानं अर्ज ठाण्यात धाडला होता. त्याचं फारसं चुकलंही नव्हतं.

जवान पारावर बसला. “चाची के गाल पर कौन मारा?”

“कोनीच न्हाई,” लोक म्हणाले.

“तो दरखास्त कौन दिया?”

मी पुढं झालो. त्याला ळ समजावून सांगितला. त्यानं दोनदा म्हणून पाहिला, जमला नाही. “मारनेवाले का नाम नै मिला तो कागज बंद नै होता. तब तलक नदी में किसी कू नै जाना.”

चौकशी दोन दिवस चालली. पारावरून गाळ दिसत होता. वरच्या अंगाला भेगा पडू लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी काकी ओटीत हरभरा घेऊन आली.

“कागद कशानं बंद हुतो रं?”

“मारणाऱ्याचं नाव पायजे. अन् राजीनामा. म्हंजे दोघांत मिटलं, असं लिहून द्यायचं.”

काकीनं सगळ्यांदेखत माझ्या गालावर एक ठेवून दिली. कान वाजला.

“लिव आता. मी मारलं, तू खाल्लंस, मिटलं. मला पेरू द्या.”

जवानाला गाल मिळाला. राजीनामा मीच लिहिला, एकही अक्षर न चुकवता. नदीत जायला आता आपली हरकत नाही, असं जवान म्हणाला. काकीनं तीच इजाजत धरली.

वरचा गाळ तोवर सुकला होता. तिथं काही उगवलं नाही. पाण्यालगतचा अर्धा पट्टा तेवढा आला. ती थप्पड नाटकाची होती, असं लोक अजून हसून सांगतात. मी खाल्ली आहे, नाटकाची नव्हती.

त्या वर्षी काकी एकच वेळ जेवायची. संध्याकाळी भाकरी घेऊन गेलो की म्हणायची, “आज एकादस हाय.” महिन्यात एकादशी किती येतात, हे मला ठाऊक होतं. मी भाकरी तशीच परत आणायचो आणि घरात कोणाकडं बघायची लाज वाटायची.