प्लगवरचे सोळा, खांबावरचे सहा

बाबांची फुप्फुसं कडक होत चालली होती आणि त्यांना एकदा समुद्र बघायचा होता. इथे परदेशात, ॲडम्सटाउनच्या आमच्या घराच्या खिडकीतून दिसायचं ते रेल्वे स्टेशन. त्याला ते विटले होते. त्यांच्या नाकाला चोवीस तास ऑक्सिजनच्या मशीनची नळी असे. मशीन विजेवर चालायचं, त्याला बॅटरी होती ती फक्त भोंग्यापुरती. हॉटेलचे जिने त्यांना झेपणार नव्हते, म्हणून मी एक भली मोठी मोटरहोम भाड्याने घेतली. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. कॅम्पसाइटवर विजेच्या खांबाला केबल जोडली की झालं.

वॉटरफोर्डच्या पुढे, किनाऱ्यावर उतरलो. केबलच्या निळ्या प्लगवर १६ अँपिअर छापलेलं होतं. म्हणजे साडेतीन हजार वॅट! मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी इंजिनिअर. एवढा गुणाकार येतो. पण सोळा हे त्या प्लगला पेलवतात, एवढाच त्याचा अर्थ. खांब किती देतो ते खांबातला ब्रेकर ठरवतो. तिथे कोण बघतंय? अति शहाणा त्याचा बैल रिकामा. विजेशिवाय चालणारा ऑक्सिजनचा जास्तीचा सिलिंडरसुद्धा मी निघतानाच नको म्हटलं होतं. "राहू दे प्रेसमध्ये," असं इथल्या लोकांसारखं कपाटाला प्रेस म्हणत आईला सांगितलं होतं.

सकाळी गारठा होता, मी हीटर लावला. आईने राइस कुकर काढला, कारण बाबांना गोळ्यांआधी मऊ भात लागायचा. सांगलीच्या घरी गिझर चालू असताना ती मिक्सरलाही हात लावत नसे. इथेही बटणावर बोट ठेवून थांबली.

"लावू काय रे? मशीन चालू आहे, तुझा हीटर चालू आहे. लोड नाही ना यायचा?"

"आई, हा काय सांगलीचा मीटर आहे? लाव बिनधास्त."

तिने लावला. पाण्याला आधण यायच्या आत सगळं बंद पडलं आणि मशीन कर्कश्श ओरडू लागलं.

मी पळत खांबापाशी गेलो. त्याला कुलूप होतं. मग ऑफिसकडे धावलो, तर तिथला माणूस मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गवत कापत होता. तो किल्ली घेऊन येईपर्यंत वीस मिनिटं गेली. कुलूप उघडता उघडता म्हणाला, "सिक्स ॲम्प्स ओन्ली. इट्स अप ऑन द बोर्ड." बोर्ड खरंच तिथे होता. मी रात्रभर त्याच्यापासून दहा पावलांवर झोपलो होतो.

मी आत गेलो तेव्हा बाबांचे ओठ निळे पडले होते. बोटावरच्या, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यात आकडा एकाहत्तर. आई मासिकाने वारा घालत होती, जणू त्याने काही होणार होतं. आणि मी, सगळं कळून चुकल्यावर, तिच्यावर ओरडलो, "अक्कल आहे का तुला? कशाला लावलास कुकर?"

तूच म्हणालास लाव, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. खिडकीतून ऐकू आलेलं त्या माणसाचं इंग्रजी तिला कळलं नव्हतं, आणि मी ते सांगितलं नाही. वीज आली. आकडा हळूहळू वर चढला. खिडकीबाहेर समुद्र होता. बाबांनी त्याच्याकडे पाठ केली आणि घरी चल म्हणाले.

दोन महिन्यांनी बाबा गेले. त्या सकाळचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. आईलाही सांगितलं. तिला ते पटलं नाही.

ती आता सांगलीत एकटी असते. गेल्या रविवारी फोनवर मध्येच रडायला लागली. "माझ्या हातून झालं रे. त्या दिवशी मी कुकर लावायला नको होता."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं.

"जाऊ दे आई," मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. मी नाही मनात ठेवलेलं."

"तू मोठ्या मनाचा आहेस," ती म्हणाली.