लायलकडचा वारा

विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ गावात शिकारीच्या हंगामात पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मुरलेला नर दरवर्षी आर्विडलाच मिळायचा. शेजारच्या लायलला हे पचत नव्हतं. अर्धा हंगाम गोठ्यात गाई पिळणारा माणूस! नक्कीच हरणांना भुलवायला चोरून मका टाकत असणार. वर दरवर्षी हरणाच्या मांसाचे सॉसेज आणून द्यायचा. कशाला? तर तोंड बंद ठेवायला, दुसरं काय!

म्हणून हंगामात लायल रोज पहाटे पाइप ओढत, आपलं रान तुडवत दोघांच्या रानांमधल्या कुंपणापाशी पाळतीला जायचा. मक्याचा दाणा दिसला नाही. आर्विड मात्र कधी मचाणावर दिसे, कधी नसे.

यंदा आर्विड सॉसेजची पिशवी घेऊन दारात आला, तसा लायल भडकला.

"लाच नको मला. आधी सांग, रानात टाकतोस काय?"

"मी कशाला टाकू? वारा तुझ्याकडून वाहायला लागला की मी मचाणावर बसतो. तुझ्या पाइपचा वास आला की तुझ्या रानातले म्हातारे नर कुंपणावरून उड्या टाकून माझ्याकडे येतात."

आर्विडने पिशवी लायलच्या हातात कोंबली.

"लाच कसली, लेका? हरणं हाकून देणाऱ्याचा वाटा आहे हा."