खाली कोण राह्यलं?

सर फळ्यावर आधी शिडी काढत. अमेरिकेतली कादंबरी कुठलीही असो, शिडी ठरलेली. मग खडू नाचवत विचारत, "हा वर चढला. खाली कोण राह्यलं?"

मारेगावच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत, मी मराठी. आमच्या वर्गांमधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांची अमेरिका मला फुकटात ऐकू येई. कापसाला भाव नसण्याची ती वर्षं. मजूर परवडेनात, म्हणून वेचणीच्या दिवसांत पोरं शेतात आणि वर्ग निम्मा रिकामा. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, अमेरिकेत बी गरीब राह्यते काय?"

"राह्यते ना बाप्पा! आपल्यावानी कापूस वेचते."

"मंग त्यायच्यावर पुस्तकं निंघते, आपल्यावर काहून नाही?"

"तू लिही नं बाई!" वर्ग हसला. सर मात्र खरंच सांगत होते.

स्वतः सर शिडी चढलेलेच. गावी, मुकुटबनला, थोरल्या भावानं शेती सांभाळली, म्हणून हे शिकले. हे ते दर वर्षी वर्गात सांगत. मला भिंतीपलीकडून पाठ झालं होतं.

पुढे त्यांच्या मुलीचं लग्न नागपूरच्या हॉलमध्ये झालं. व्याही साहेबलोक. सर कोट घालून त्यांच्या मागेपुढे. जेवण बुफे. मुकुटबनची मंडळी मात्र खुर्च्यांवर बसून राहिली. घरच्या माणसानं "चला, जेवा" म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी ताटाला हात लावत नाही, आणि कुणी म्हटलंच नाही. दुपार कलली तशी ती जीपमध्ये बसून निघून गेली. नवरीचे सख्खे मोठे बाबा, सरांचे तेच थोरले भाऊ, लग्नातून उपाशी गेले!

सरांना कळलं तेव्हा मी शेजारीच होतो. माणूस पांढराफटक पडला. मुलीची पाठवणी होताच ते अंगावरच्या कोटानिशी मुकुटबनला गेले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. भाऊ ओसरीवर पाठ फिरवून बसलेला. वहिनी बाहेर येईना. सरही तसेच बसून राहिले. शेवटी भाऊ म्हणाला, "बाबू, जेवला काय?"

"नाही दादा."

"मंग ये. बस."

"जे शिकवलं तेच चुकलो ना मी," हे मला सांगताना सर रडले. मलाही आवरलं नाही. इतका जीव त्या माणसावर कधी जडला, माझं मलाच कळलं नव्हतं.

काही वर्षांनी सर गेले. तेरवीला घरासमोर पंगत बसली. थोरला भाऊ स्वतः वाढत होता. पोरांना भांडं धरू देईना. माझ्या पानापाशी तो वाकला.

"जेवा नं सर, पोटभर जेवा. आज बाबूच्या वाटचं 'जेवा' मी सांगून राह्यलो."